एका निवेदनाचे अपुरेपण

बेळगावच्या दंतवैद्य सविता हलप्पनवार २८ ऑक्टोबर २०१२ रोजी आयर्लंडमधील गॉलवे येथील विद्यापीठ रुग्णालयात निवर्तल्या. त्यांचा सतरा आठवड्यांचा गर्भ वाचणार नाही, हे डॉक्टरांना कळून चुकले होते. परंतु गर्भाच्या हृदयाचे ठोके चालू असल्यामुळे त्यांची गर्भपाताची विनंती अमान्य झाली. हा कॅथॉलिक देश आहे, असेही एका परिचारिकेने त्यांना सांगितले. पुढे रक्तात जंतुसंसर्ग पसरून त्यांचा अंत झाला. देखरेखीतील हयगय आणि कायद्याचा लावलेला अर्थ या दोहोंवरही २०१३ च्या चौकशी अहवालाने बोट ठेवले.

नोव्हेंबर २०१२ मध्ये आयरिश महागुरुमंडळाने निवेदन काढले. मातेपेक्षा गर्भस्थ बालकाचा जीव श्रेष्ठ मानावा, असे ख्रिस्तसभेने कधीही शिकविलेले नाही, असे त्यात म्हटले आहे. हे यथार्थ आहे. मातेच्या रक्षणासाठी गर्भावस्थेशी निगडित नसलेला उपचार आवश्यक असेल आणि त्यातून हेतू नसताना बालकाचा मृत्यू अटळपणे ओढवला, तर तो बालकावरील प्रत्यक्ष घाला नव्हे, हे पोप बारावे पायस यांनी १९५१ सालीच स्पष्ट केले होते.

परंतु गर्भाशय रिकामे करणे हाच उपचार असेल, तर काय? येथे निवेदन मौन पाळते. प्रस्तुत लेखकाच्या मते, जंतुसंसर्ग गर्भावरणात शिरला असता ते बाहेर काढणे ही रोगावरील क्रिया होय. बालकाचा मृत्यू तिचे साध्य नसते आणि साधनही नसते. या वाटेने कोणत्याही कारणासाठी गर्भपात समर्थनीय ठरेल, हा आक्षेप टिकत नाही. कारण येथे रोग प्रत्यक्ष आहे आणि थांबल्याने बालक वाचत नाही.

आयर्लंडने १९८३ साली माता व गर्भ यांचा समान जीवनाधिकार राज्यघटनेत लिहिला; हा सूक्ष्म विवेक मात्र त्या वाक्यात उतरला नाही. २०१८ च्या सार्वमतात सुमारे दोन तृतीयांश मतदारांनी ते कलम रद्द केले.

आपल्याकडे १९७१ च्या कायद्यानुसार मातेचे प्राण वाचविण्यासाठी तातडीने गर्भपात आवश्यक असल्यास आठवड्यांची मर्यादा आड येत नाही. तेव्हा बोरगावसारख्या गावातील कुटुंब दवाखान्याच्या दारात अडले, तर ते अर्धवट धर्मशिक्षणामुळे अडेल. विवाहपूर्व शिकवणीत गर्भहत्येचा निषेध सांगणाऱ्या धर्मशिक्षकाने त्याच बैठकीत हेही सांगावे, की रक्तस्राव वा ताप असताना आईला उपचारासाठी नेण्यास धर्मगुरूच्या परवानगीची वाट पाहावयाची नसते.