मोटर-भार व इतर भार यांच्या सामाईक फीडरचे अतिप्रवाह संरक्षण : अमेरिकन विद्युत संहितेतील दोन कलमांचे चिकित्सक वाचन

अमेरिकेतील 'नॅशनल इलेक्ट्रिकल कोड' ही विद्युत संहिता प्रथम १८९७ मध्ये सिद्ध झाली. १९११ पासून नॅशनल फायर प्रोटेक्शन असोसिएशन ही संस्था तिचे पालकत्व सांभाळीत आहे व दर तीन वर्षांनी तिची नवी आवृत्ती काढली जाते. नियमग्रंथ हा साहित्यग्रंथ नसला तरी त्यातील प्रत्येक क्रियापदाला किंमत असते. कारण त्यावर कोणी तरी तार ओढतो, कोणी ब्रेकर बसवितो आणि कोणी निरीक्षक ते काम मंजूर वा नामंजूर करतो. या दृष्टीने संहितेतील ४३०.६२ व ४३०.६३ ही लगतची दोन कलमे विचारात घेण्यासारखी आहेत.

आंतरराष्ट्रीय मानकांवर व त्यांच्याशी जुळणाऱ्या आयएस ७३२ या भारतीय मानकावर पोसलेल्या विद्यार्थ्याला या कलमांचे फलित प्रथमदर्शनी चूकच वाटेल. ब्रेकरचा अंकित प्रवाह वाहकाच्या क्षमतेपेक्षा अधिक असू नये, हा त्याचा पहिला पाठ असतो. अमेरिकन संहितेत मोटर-मंडलापुरते हे बंधन सैल केलेले आहे. मोटर सुरू होताना पूर्णभाराच्या सहा-सात पट प्रवाह घेते. तेव्हा ब्रेकर पडू नये म्हणून तो मोठा ठेवावा लागतो. वाहकाला अतिभारापासून वाचविण्याचे काम मोटरीजवळच्या ओव्हरलोड रिलेकडे सोपविलेले असते. फीडरच्या ब्रेकरने शॉर्ट सर्किट व अर्थ फॉल्ट एवढेच पाहावयाचे. ही श्रमविभागणी तर्कशुद्ध आहे आणि तिच्याबद्दल वाद नाही.

वाद आहे तो शब्दयोजनेचा. कलम ४३०.६२ एका फीडरवरील अनेक मोटरींसाठी आहे. गटातील मोटरींपैकी सर्वांत मोठे अनुज्ञेय शाखा-संरक्षण, अधिक उरलेल्या मोटरींचे पूर्णभार प्रवाह, या बेरजेपेक्षा फीडरचे संरक्षण मोठे असू नये, असे ते सांगते. म्हणजे ही कमाल मर्यादा झाली. मोटरींबरोबर दिवे, हीटर आदी इतर भार असतील तर ४३०.६३ लागू होते. उदाहरणार्थ २०१७ च्या आवृत्तीत, इतर भारांसाठी लागणारे मूल्य अधिक ४३०.६२ ने अनुज्ञेय ठरविलेले मूल्य, या बेरजेपेक्षा फीडरचे संरक्षण कमी असू नये, असे शब्द आहेत. ही किमान मर्यादा झाली. फीडरवर दिव्यांची एक ओळ वाढली आणि छताचे जमिनीत रूपांतर झाले!

प्रत्यक्ष आकड्यांत हा पेच स्पष्ट होतो. ४८० व्होल्टच्या त्रिकला फीडरवर ५०, ३० व १० अश्वशक्तीच्या तीन मोटरी आहेत असे समजू. संहितेच्या तक्त्यानुसार त्यांचे पूर्णभार प्रवाह अनुक्रमे ६५, ४० व १४ अ‍ॅम्पियर. शिवाय ४० अ‍ॅम्पियरचा अखंड प्रकाशभार आहे. तो १२५ टक्क्यांनी ५० धरावयाचा. वाहकासाठी ६५ चे १२५ टक्के म्हणजे ८१.२५, त्यात ४०, १४ व ५० मिळवून १८५.२५ अ‍ॅम्पियर होतात. ७५ अंश सेल्सिअसच्या स्तंभातील २०० अ‍ॅम्पियर क्षमतेची ३/० तांब्याची तार पुरते. आता ब्रेकर. सर्वांत मोठ्या मोटरीसाठी २५० टक्के म्हणजे १६२.५, शाखामंडलात वरच्या प्रमाणित आकाराची मुभा असल्याने १७५. त्यात ४०, १४ व ५० मिळविल्यास २७९ होतात. या मूल्याचा प्रमाणित ब्रेकर नाही. खाली २५० आहे, वर ३००. ४३०.६२ ची वृत्ती २५० कडे नेते, ४३०.६३ चे अक्षर ३०० कडे.

संहितेच्या परिशिष्ट 'डी' मधील डी-८ हे उदाहरण येथे साक्षीला बोलावता येते. त्यात बेरीज १९० येते आणि तीपेक्षा मोठा नसलेला जवळचा फ्यूज म्हणून १७५ अ‍ॅम्पियरचा निवडलेला आहे. परंतु परिशिष्ट केवळ माहितीसाठी असते, बंधनकारक नसते. आणि त्या उदाहरणात तिन्ही भार मोटरींचेच आहेत. जेथे वाचक अडखळतो नेमके तेथे उदाहरण नाही.

मूळ दोष असा की, ४३०.६३ ने ४३०.६२ कडून एक 'अनुज्ञा' उसनी घेतली व तिचे 'कर्तव्य' केले. अनुज्ञेय मूल्य हे व्याख्येनेच कमाल असते. ते किमान बेरजेत घातले की सवलत सक्ती होऊन बसते. तांत्रिकदृष्ट्या त्या सक्तीची गरजही दिसत नाही. वरील उदाहरणात मोठी मोटर सहापट प्रवाहाने, म्हणजे ३९० अ‍ॅम्पियरने सुरू झाली व बाकीचे भार चालू असले, तरी एकूण प्रवाह ४८४ होतो. २५० च्या ब्रेकरला हा दुपटीहून कमी असून मोटरीच्या नेहमीच्या आरंभकाळापुरता तो सहज तग धरतो. सर्व मोटरी एकदम सुरू होणार असतील तर गोष्ट वेगळी. पण हे सूत्र मुळातच एक सुरू होते व बाकीच्या चालू असतात असे गृहीत धरते.

याउलट मोठ्या ब्रेकरची किंमत खरी आहे. ओव्हरलोड रिले आपापल्या मोटरीपुरते जामीन असतात. इतर भारांच्या एकूण वाढीला असा जामीनदार असेलच असे नाही. कारखान्यात दिवे, संगणक, वातानुकूलन यांची भर पडत जाते आणि मूळ भारगणनेचा कागद ब्रेकर वाचीत नाही. २०० अ‍ॅम्पियरच्या तारेवर २५० चा ब्रेकर असेल तर ५० अ‍ॅम्पियरचा पट्टा राखणीविना राहतो; ३०० चा असेल तर १०० चा. दोन्ही दोषास्पदच, पण दुसरा दुप्पट.

व्यवहारात सावध अभिकल्पक यातून सुटतो तो तांबे वाढवून. ३५० केसीमिलची, ३१० अ‍ॅम्पियर क्षमतेची तार घातली की ३०० चा ब्रेकर तारेच्या क्षमतेतच बसतो आणि दोन्ही वाचने तृप्त होतात. मात्र ३/० च्या तारेचे क्षेत्रफळ १,६७,८०० सर्क्युलर मिल, तर हिचे ३,५०,०००. 'कमी नसावे' या दोन शब्दांसाठी ग्राहकाने दुपटीहून अधिक तांबे विकत घ्यावयाचे.