माळेगाव यात्रेतील तमाशा : फडाचे सातत्य आणि प्रेक्षकाची स्मृती

प्रस्तावना

तमाशाविषयीचे मराठी लेखन प्रामुख्याने दोन अंगांनी झालेले आहे. नामदेव व्हटकर, रुस्तुम अचलखांब आदी अभ्यासकांनी तमाशाच्या परंपरेचा व रूपबंधाचा वेध घेतला, तर योगीराज बागूल यांच्यासारख्या लेखकांनी कलावंतांच्या जीवनाचे चित्रण केले. एकाच फडाचा तमाशा वर्षानुवर्षे पाहत आलेला प्रेक्षक मात्र समीक्षेच्या कक्षेत फारसा आला नाही. या प्रेक्षकाच्या स्मृतीचे मोल व तिच्या मर्यादा तपासणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

यात्रा आणि वार्षिक भेट

नांदेड-लातूर मार्गावरील माळेगाव हे लोहा तालुक्यातील गाव. मार्गशीर्ष वद्य चतुर्दशीच्या सुमारास येथे खंडोबाची यात्रा भरते. घोडे, गाढवे, उंट व लालकंधारी जनावरांचा बाजार आणि तमाशाचे तंबू ही तिची ख्याती. खरिपाचा माल हाती आल्यानंतरच्या या दिवसांत लोहा, कंधार, अहमदपूर परिसरातील शेतकरी व शेतमजूर येथे येतात. वर्षातून एकदाच घडणाऱ्या या भेटीमुळे तमाशा पाहण्याला तुलनेची सवय लागते. गतवर्षीची ढोलकी आणि यंदाची ढोलकी, गतवर्षीचा सोंगाड्या आणि यंदाचा सोंगाड्या असा ताळा प्रेक्षक मनोमन मांडत असतो. समीक्षेची पहिली पायरी हीच होय.

नावाचे सातत्य व प्रयोगाचे सातत्य

महाराष्ट्रभर फिरणाऱ्या मोठ्या फडांच्या नावातील ‘सह’ हा शब्द अर्थपूर्ण आहे. ‘मंगला बनसोडे सह नितीनकुमार’ या नावात आई व मुलगा एकत्र येतात. त्यामागे मंगलाताईंच्या मातोश्री विठाबाई नारायणगावकर (निधन २००२) आणि त्यांच्याही आधीचे भाऊ-बापू नारायणगावकर उभे आहेत. ‘रघुवीर खेडकर सह कांताबाई सातारकर’ या फडाची जडणघडणही अशीच आहे. कांताबाईंचे निधन २०२१ मध्ये झाले. कलावंत बदलतात, परंतु फलक टिकतो.

कवलापूरच्या काळू-बाळू या जुळ्या भावांचे उदाहरण याहून वेगळे आहे. ‘जहरी प्याला’ या वगातील त्यांच्या हवालदारांच्या भूमिका त्यांच्या चेहऱ्यांशी एकरूप झाल्या होत्या. नाव वारशाने देता येते. दोघांच्या संवादातील नेमकी वेळ साधण्याचे कसब तसे देता येत नाही. म्हणून फडाचे सातत्य आणि प्रयोगाचे सातत्य यांत भेद करणे आवश्यक ठरते. गण, गौळण, बतावणी, रंगबाजी व वग हा क्रम कायम राहूनही चित्रपटगीतांवरील नृत्यांनी वगाचा वेळ व्यापला, तर फड तोच राहतो, प्रयोग मात्र बदलतो.

ध्वनिमुद्रण आणि स्मृती

१९६२ मध्ये लंडनमध्ये स्थापन झालेला ‘रोलिंग स्टोन्स’ हा रॉक वाद्यवृंद एप्रिल २००३ मध्ये मुंबईत आला. २०२१ मध्ये ढोलवादक चार्ली वॉट्स यांच्या निधनानंतरही त्याचे कार्यक्रम सुरू राहिले. नाव टिकणे आणि माणसे बदलणे हा प्रश्न तेथेही आहेच. परंतु त्या रसिकाजवळ मूळ ध्वनिमुद्रिका असते. प्रत्यक्ष कार्यक्रम तो तिच्याशी ताडून पाहतो. तमाशाची बतावणी मात्र त्या गावी, त्या रात्री, समोरच्या गर्दीचा अंदाज घेऊन घडते. लोकप्रिय वगांच्या ध्वनिफिती निघाल्या तरी ही हजरजबाबी बहुतांशी प्रेक्षकाच्या आठवणीतच उरते.

स्मृतीच्या मर्यादा

तथापि ही स्मृती निर्दोष मानता येत नाही. तंबूतील प्रेक्षक प्रामुख्याने पुरुष राहिला. त्यामुळे फडाची आठवण ही बहुधा पुरुषांचीच आठवण आहे. कलावंत मुख्यतः महार, मांग, कोल्हाटी समाजांतून आले. मंचावर मिळालेली दाद मंचाखालच्या सन्मानात क्वचितच उतरली. नृत्यांगनेच्या तारुण्यावर खिळलेली नजर तिच्या प्रौढ वयातील अभिनयाकडे सहज वळत नाही. ‘पूर्वीचा तमाशा राहिला नाही’ ही तक्रार करणाऱ्या प्रेक्षकानेच चित्रपटगीतांची फर्माईशही केलेली असते. अर्थात, तमाशाच्या बदलाचा हा साक्षीदार त्या बदलातील भागीदारही आहे.

निष्कर्ष

१. फडाचे नाव वंशपरंपरेने टिकते. प्रयोगाचा कस मात्र प्रत्येक हंगामात नव्याने सिद्ध करावा लागतो.

२. वर्षानुवर्षे तमाशा पाहणाऱ्याची तुलना ही समीक्षाच आहे. तथापि लिंग व जात यांच्या संदर्भात तिची चिकित्सा अपरिहार्य ठरते.

३. मार्च २०२० मधील टाळेबंदीने ऐन हंगामात तंबू बंद पडले. फडाचे अर्थकारण किती नाजूक आहे, हे तेव्हा स्पष्ट झाले. जुने प्रेक्षकही काळाआड जात आहेत. नांदेड, लातूर परिसरातील महाविद्यालयांच्या मराठी, समाजशास्त्र व नाट्यशास्त्र विभागांनी त्यांच्या आठवणी आणि वृद्ध कलावंतांची निवेदने एकत्र नोंदवावीत. केवळ प्रेक्षकांच्या आठवणी नोंदविल्या तर उरेल तो स्मरणरंजनाचा संग्रह. कलावंतांची बाजू सोबत आली, तरच त्यातून तमाशाच्या प्रयोगाचा इतिहास उभा राहील.