‘जागतिक’ की ‘समग्र’? : एका संज्ञेची चिकित्सा

संगणकीय चित्रणातील ‘ग्लोबल इल्युमिनेशन’ या संज्ञेस ‘जागतिक प्रदीपन’ हा प्रतिशब्द योजणे सदोष होय. येथे जग नव्हे, दृश्याची समग्रता अभिप्रेत आहे. वसईच्या किल्ल्यातील छप्पर नसलेल्या चर्चमध्ये सावलीतील भिंतही समोरच्या उन्हातील भिंतीमुळे उजळते. हा परस्परसंबंध १९८६ साली जेम्स काजिया यांनी समीकरणात मांडला. म्हणूनच चित्राचे तुकडे अनेक प्रोसेसरांत वाटले, तरी प्रत्येकास संपूर्ण वास्तूची माहिती लागते. शिवाय प्रकाश सर्व दिशांनी येत असल्याने त्याचा अदमास यादृच्छिक किरणांनी घ्यावा लागतो; परिणामी चौपट प्रोसेसर योजूनही तेवढ्याच वेळात चित्रातील दाणेदारपणा जेमतेम निम्मा होतो. ‘समग्र प्रदीपन’ ही संज्ञा या अडचणीचे मूळ नावातच दाखविते. ‘जागतिक’ ते झाकते.