‘सॅकरिन’ : एका शब्दाचे मूळ आणि आपले स्मरणलेखन

अतिगोड, भावविवश लेखनास इंग्रजी समीक्षक ‘सॅकरिन’ म्हणून हिणवतात. शब्द परका वाटला तरी त्याचे कूळ आपल्याच घरचे आहे. संस्कृत ‘शर्करा’, पाली ‘सक्खरा’, ग्रीक ‘साक्खारोन’, लॅटिन ‘साक्खारुम’ आणि मग इंग्रजी, असा हा प्रवास. आपली ‘साखर’ही याच शर्करेची लेक. मौज अशी की शर्करा म्हणजे मुळात वाळू, खडा. सुश्रुतसंहितेत मूतखड्याच्या कणांनाही हाच शब्द आहे. (रक्तशर्करेमुळे आमच्या वयाच्या वाचकांस या शब्दाची गोडी एरवीही फारशी उरलेली नाही!) उसाचा रस आटून त्याचे खडे झाले, आणि खड्याचे नाव गोडीला मिळाले.

पुढे १८७९ साली बॉल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात डांबरापासूनच्या संयुगांवर काम करताना कॉन्स्टंटिन फालबर्ग यांना कृत्रिम गोडी सापडली. साखरेहून शेकडो पटींनी गोड, पोषण शून्य, आणि जिभेवर मागाहून कडवटपणा ठेवणारी! शब्दाचा निंदाव्यंजक अर्थ याआधीचा असला तरी त्याचे इतके चपखल उदाहरण दुसरे नसेल.

मराठीत यास नेमका प्रतिशब्द नाही. ‘साखरपेरणी’ असते ती काम साधून घेण्यासाठी. येथे तर लेखक स्वतःच विरघळलेला असतो. इंदूर, ग्वाल्हेर, बडोद्याकडील आपल्या मंडळींचे स्मरणलेखन आम्ही आवडीने वाचतो, परंतु त्यात हा दोष बळावला आहे, असे स्पष्टच म्हणावे लागते. वाडा, तुळशीवृंदावन, आजीच्या हातची पुरणपोळी हे सारे येते. त्याच वाड्यातील भाऊबंदकी, माजघरात आयुष्य संपलेली विधवा आत्या, १९४८-४९मध्ये संस्थाने विलीन झाल्यावर घरोघर आलेली विवंचना मात्र गाळली जाते. खडा काढून टाकून उरते ती केवळ गोडी.

साने गुरुजींच्या ‘श्यामची आई’वर (१९३५) हळवेपणाचा आक्षेप नेहमी घेतला जातो. तेथे अश्रू पुष्कळ आहेत, हे खरेच. परंतु पोहणे चुकवून लपून बसलेल्या श्यामला तीच आई मारते आणि विहिरीकडे धाडते; घरावरचे कर्ज, दारी येणारा अपमानही लेखक लपवीत नाही. या पुस्तकास ‘सॅकरिन’ म्हणण्यास आमची जीभ धजत नाही. आपल्या वाड्यांच्या आठवणींबाबत ती धजते.