हरित इमारत प्रमाणन आणि कर्मचाऱ्यांच्या प्रवासाचे सर्वेक्षण : एक चिकित्सा

प्रस्तावना

इमारत हरित आहे किंवा नाही हे ठरविताना तिच्या भिंती, काचा, दिवे व पाणी यांचा हिशेब मांडला जातो. तेथे रोज येणारी माणसे कशी येतात, हा प्रश्नही तितकाच महत्त्वाचा आहे. २००७ मध्ये अमेरिकेतील ‘एन्व्हायर्न्मेंटल बिल्डिंग न्यूज’ या नियतकालिकात ॲलेक्स विल्सन यांनी दाखवून दिले की, तेथील सरासरी कार्यालयीन इमारत स्वतः जेवढी ऊर्जा वापरते, त्यापेक्षा सुमारे ३० टक्के अधिक ऊर्जा कर्मचाऱ्यांच्या जाण्यायेण्यात खर्च होते. म्हणून प्रवासाच्या सर्वेक्षणाची आवश्यकता वादातीत आहे. प्रस्तुत लेखात विचार करावयाचा आहे तो या सर्वेक्षणातून नेमके काय मोजले जाते, याचा.

मापनाची रीत

अमेरिकेच्या ग्रीन बिल्डिंग कौन्सिलने विकसित केलेल्या ‘लीड’ पद्धतीची वापरातील इमारतींसाठीची २००९ ची आवृत्ती या दृष्टीने उद्बोधक आहे. प्रत्येक कर्मचारी साध्या मोटारीने एकटाच येतो असे गृहीत धरून, त्या तुलनेत फेऱ्या किती घटल्या हे तीत काढले जाई. घट १० टक्के असल्यास ३ गुण आणि ७५ टक्के असल्यास १५ गुण मिळत. एकूण ११० पैकी ४० गुणांवर प्रमाणपत्र मिळत असल्याने किमान पात्रतेचा एक तृतीयांशाहून अधिक वाटा या एकाच बाबीतून उचलता येई.

गृहीतकाची मर्यादा

हे गृहीतक अमेरिकी उपनगराला साजेसे आहे, मुंबईला नव्हे. एखाद्या कार्यालयात १०० कर्मचारी आहेत असे मानू. पाच दिवसांच्या आठवड्यात त्यांच्या १००० फेऱ्या होतात. त्यांपैकी ७५० लोकल, बस किंवा पायी झाल्या, की पूर्ण १५ गुण पदरात पडतात. यासाठी मालकाने सायकलतळ उभारलेला नसतो की बसपासाचा खर्च सोसलेला नसतो. डोंबिवलीहून गर्दीत लोंबकळत येणाऱ्याची अगतिकता इमारतीच्या पुण्याईत जमा होते. शिवाय कमी उत्सर्जनाची मोटार आणि पायी चालणे हे दोन्ही ‘पर्यायी’ ठरत; दहा मिनिटांचे व दोन तासांचे अंतर सारखेच मोजले जाई. नंतरच्या ४.१ आवृत्तीत प्रवासाच्या सर्वेक्षणावरून कार्बन उत्सर्जन काढण्याची पद्धत आल्याने अंतराचा दोष बराचसा दूर झाला. तथापि, शहराचे श्रेय इमारतीला जाण्याचा प्रश्न त्याने सुटत नाही.

उत्तरदात्यांचा प्रश्न

प्रश्नावली संगणकावरून व इंग्रजीत पाठविली, तर सफाई कामगार, सुरक्षारक्षक व उपाहारगृहातील मुले तिच्याबाहेर राहण्याचा संभव मोठा. वस्तुतः पायी किंवा बसने येणारे बहुधा तेच. म्हणजे ज्यांचा प्रवास सर्वांत कमी प्रदूषण करतो, त्यांचीच नोंद होत नाही. मुलाला शाळेत सोडून, परतताना भाजी घेऊन जाणाऱ्या स्त्रीचा प्रवासही ‘घर ते कार्यालय’ या एका रकान्यात मावत नाही. जूनमध्ये दुचाकी घरी ठेवणारा जानेवारीत वेगळे उत्तर देईल, हे एका आठवड्याच्या पाहणीतून कळणे अशक्य आहे.

भारतीय संदर्भ

तुलनेचा देशी आधार उपलब्ध नाही असे नाही. २०११ च्या जनगणनेत शेतीव घरगुती उद्योगाबाहेरील कामगारांना कामाच्या ठिकाणाचे अंतर व प्रवासाचे साधन विचारले गेले; त्यात पायी, सायकल, दुचाकी, मोटार, रिक्षा-टॅक्सी, बस व रेल्वे असे वेगवेगळे रकाने होते. ही आकडेवारी आता जुनी असली, तरी ‘प्रत्येकजण मोटारीने येतो’ या कल्पनेपेक्षा ती वास्तवाच्या निश्चितच जवळ आहे. हा विषय महाविद्यालयांनाही परका नाही. २०१७ च्या सुधारित आराखड्यात ‘नॅक’ने सायकल, सार्वजनिक वाहतूक व पादचारी मार्ग यांचा समावेश हरित उपक्रमांत केला. एस.टी.च्या पासावर खेड्यातून येणारे विद्यार्थी ही संस्थेची हरित कामगिरी मानावयाची काय, हा प्रश्न येथेही तसाच उभा राहतो.

निष्कर्ष

सर्वेक्षण टाकून देण्याजोगे नाही. त्याची तुलना बदलली पाहिजे. इमारतीची तुलना त्याच शहरातील सर्वसाधारण प्रवासाशी व तिच्या स्वतःच्या मागील वर्षाशी व्हावी. पाहणी पावसाळ्यात व उन्हाळ्यात अशी दोनदा, मराठीतून, कंत्राटी कामगारांसह घेतली जावी. गुण द्यावयाचे ते संस्थेने प्रत्यक्ष केलेल्या सोयींना. अन्यथा कर्मचाऱ्याचे कष्ट आणि मालकाचे प्रमाणपत्र, अशीच ही वाटणी राहील.