जीर्णोद्धार, पुनरुज्जीवन आणि प्रबोधन

मावळलेली कला किंवा विद्या पुन्हा उदयास आली की तिचा पुनर्जन्म झाला असे आपण सरसकट म्हणतो. परंतु मराठी भाषेने या एका कल्पनेसाठी जीर्णोद्धार, पुनरुज्जीवन आणि प्रबोधन असे तीन निराळे शब्द राखून ठेवले आहेत, आणि त्यांतील भेद ध्यानी घेतल्याखेरीज मराठवाड्यातील कलाविद्यांच्या आजच्या अवस्थेचा हिशेब नीट लागत नाही. छत्रपती संभाजीनगरच्या पूर्वेस, जालन्याच्या रस्त्यावर वसलेल्या करमाडला बसून पाहिले, तर उत्तरेस अजिंठा, दक्षिणेकडे पैठण आणि पश्चिमेस शहरातील नागसेनवन ही तीन स्थळे त्या तीन शब्दांची उदाहरणे म्हणूनच पुढे उभी राहतात.

१८१९ साली शिकारीस निघालेल्या जॉन स्मिथ या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याच्या दृष्टीस अजिंठ्याची लेणी पडली, तेव्हापासूनचा त्या चित्रांचा इतिहास हा बव्हंशी नकलांचा इतिहास आहे. रॉबर्ट गिल यांनी वर्षानुवर्षे खपून केलेल्या नकला १८६६ मध्ये क्रिस्टल पॅलेसच्या आगीत बहुतेक जळाल्या; जॉन ग्रिफिथ्स यांनी मुंबईच्या जे. जे. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांकडून १८७२ पासून करवून घेतलेल्या नकलांपैकीही पुष्कळ १८८५ मध्ये लंडनमध्येच भस्मसात झाल्या. पुढे निजामाच्या पुराणवस्तू खात्याने गुलाम याजदानी यांच्या देखरेखीखाली १९२० ते १९२२ या काळात इटलीचे तज्ज्ञ आणवून सुटू पाहणारा गिलावा पक्का करून घेतला, आणि याजदानींनी त्या चित्रांवर थोर ग्रंथही सिद्ध केले. हा बंदोबस्त उपकारकच होता, पण तो जीर्णोद्धार होता. त्याहून अधिक काही घडले ते १९०९ ते १९११ या वर्षांत, लेडी हेरिंगहॅम यांच्यासमवेत आलेल्या नंदलाल बोस आदी तरुणांच्या हातून. कारण त्यांनी अजिंठ्याची रेषा नुसती उतरवून न घेता ती स्वतःच्या चित्रांत मुरवली. मात्र त्या रेषेला पालवी फुटली ती बंगालात. लेण्यांच्या पायथ्याच्या गावांना अजिंठ्याने प्रवासी दिले, चित्रकार फारसे दिले नाहीत.

पैठणीची गोष्ट याहून निराळी आहे. पदरातील मोर, मुनिया वा असावली उतरवताना प्रत्येक रंगाचा धागा वेगळ्या तिल्लीवर घेऊन बाण्यात गुंतवावा लागतो, आणि म्हणूनच अस्सल पदर दोन्ही अंगांनी सारखा दिसतो. हे हुन्नर ग्रंथात लिहून जगत नाही, ते मागावर बसलेल्या माणसाच्या बोटांतच राहते. पेशव्यांचा आणि निजामाचा आश्रय सरल्यावर ते लोपलेच असते, पण येवल्याच्या आणि पैठणच्या मागकऱ्यांनी ते टिकवले, लग्नसराईच्या बाजाराने त्याला पोसले, आणि २०१० मध्ये भौगोलिक मानांकनाची सनदही मिळाली. हे पुनरुज्जीवन खरेच; हिमरू या कापडाच्या वाट्याला तेवढेही आले नाही, त्याचे माग छत्रपती संभाजीनगरात आता मोजकेच उरले आहेत. तथापि पुनरुज्जीवनाची मर्यादा अशी की गिऱ्हाईक जुन्या नक्षीचीच मागणी करते, यंत्रमाग तिचीच स्वस्त नक्कल करतो, आणि या कात्रीत सापडलेल्या मागकऱ्याला नवा पदर कल्पिण्याची उसंत राहत नाही.

तिसरे स्थळ नागसेनवनाचे. निजामी अंमलात १९१८ साली निघालेल्या उस्मानिया विद्यापीठाने उच्च शिक्षण उर्दूतून देण्याचे धाडस केले, ते एतद्देशीय भाषेच्या दृष्टीने गौरवास्पदच होते. पण मराठी मुलखातील खेडुताच्या पोराला, आणि त्यातही अस्पृश्य गणल्या गेलेल्याला, ते दार दूरच राहिले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० मध्ये येथे महाविद्यालय काढले, तेव्हा विद्येचा नुसता उद्धार झाला नाही, विद्येचा धनीच बदलला. प्राचार्य म. भि. चिटणीस यांचे ‘युगयात्रा’ हे नाटक तेथेच जन्मले, आणि साठोत्तरी काळात गंगाधर पानतावणे यांच्या ‘अस्मितादर्श’ या नियतकालिकाने दलित साहित्याला लेखक आणि वाचक दोन्ही मिळवून दिले. येथे जुन्या वैभवाची नक्कल नव्हती, कारण ज्यांच्या हाती लेखणी आली त्यांच्या पूर्वजांना त्या वैभवात वाटाच नव्हता. बाबासाहेबांनी परिसराला नाव दिले उत्तरे देणाऱ्या भिक्षू नागसेनाचे. महाविद्यालयाला मात्र त्याला प्रश्न विचारणाऱ्या मिलिंद राजाचे. प्रबोधनाची याहून नेमकी व्याख्या मला सापडलेली नाही.

परंतु प्रबोधनही जुने होते. जयंत्या आणि पुतळे यांतच ते साठू लागले, तर उद्या त्याच्याही जीर्णोद्धाराची तजवीज करावी लागेल, आणि ही भीती आज निराधार राहिलेली नाही. १९५८ साली स्थापन झालेल्या, आणि प्रदीर्घ संघर्षानंतर १९९४ मध्ये बाबासाहेबांचे नाव धारण करणाऱ्या आपल्या विद्यापीठाकडे म्हणूनच एवढेच मागणे आहे, की पैठणच्या मागकऱ्याला त्याने प्रात्यक्षिकापुरते न बोलावता अध्यापक म्हणून वर्गात उभे करावे, आणि करमाडहून सकाळच्या गाडीने येणाऱ्या विद्यार्थ्याला त्याला प्रश्न विचारू द्यावेत.