अहिराणी आणि बोधक्षयाचे मोजमाप

नॉच-३ या जनुकातील दोषामुळे (निश्चिती १९९६) मेंदूच्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांस जडणारा ‘कॅडासिल’ हा आनुवंशिक विकार होय. त्यात स्मृतीच्या आधी विचाराची गती मंदावते. चढा रक्तदाब आधीच विकृत झालेल्या भित्तींवर अधिक भार टाकतो. हा ऱ्हास मोजला जातो तो मात्र बव्हंशी शब्दांनी, आणि आक्षेप आहे तो तेथेच.

२००५ साली प्रसिद्ध झालेल्या मॉन्ट्रियल चाचणीत ३० पैकी दोन गुण वाक्यांच्या पुनरुच्चारास, तर एक गुण मिनिटात एकाच अक्षराने आरंभ होणारे ११ शब्द सांगण्यास आहे. जळगाव-धुळ्याकडील अहिराणी भाषक ‘डोळा’ला ‘डोया’ आणि ‘मला’ला ‘माले’ म्हणतो. प्रमाण मराठीतील वाक्य त्याच्या मुखी असे उतरले, तर आशय अभंग राहूनही गुण जातो. ग्रियर्सनने १९०७ मध्ये खानदेशीस भिल्ली भाषांच्या खंडात स्थान दिले. परीक्षकाच्या लेखी ती अशुद्ध मराठीच! अक्षराची कसोटी तर लिपी जाणणाऱ्याचीच आहे. अल्पशिक्षितास मिळणारा एक वाढीव गुण ही भरपाई तोकडी होय.

दोष स्थिर असल्याने वर्षावर्षांच्या तुलनेत तो वजा होतो, असा प्रतिवाद संभवतो. परंतु प्रथम गमावलेला गुण पुन्हा गमावता येत नाही; त्यामुळे खरा ऱ्हासही झाकला जातो. २०१९ च्या ‘स्प्रिंट माइंड’ अभ्यासात १२० खालील रक्तदाबाचे लक्ष्य ठेवल्याने सौम्य बोधदोषाचे प्रमाण घटले. पण पूर्वी पक्षाघात झालेले रुग्ण त्यातून वगळलेले होते. कॅडासिलच्या कुटुंबांत तोच प्रश्न खानदेशात तपासावयाचा, तर वाक्ये अहिराणीतूनच रचावी लागतील, आणि अक्षराऐवजी प्राण्यांची नावे विचारावी लागतील.